शब्दशंका : गेरिला, गोरिला आणि गनिमी कावा

प्रश्न : इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘गेरिला’ हा शब्द कधी डोंगरात लपून लढणाऱ्या माणसासाठी, कधी त्याच्या युद्धासाठी, तर कधी जाहिरातीसाठी आणि बागकामासाठीही वापरलेला दिसतो. मराठीत तो काही ठिकाणी ‘गोरिला’ असा छापला जातो. हा शब्द मुळात कोणत्या भाषेतला आहे, त्याला इतके अर्थ कसे चिकटले आणि आपला ‘गनिमी कावा’ हे त्याचेच भाषांतर समजावे काय?
— एक वाचक, जालना

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण तो गैरसमज बराच पसरलेला आहे. ‘गनिमी कावा’ हे ‘गेरिला’चे भाषांतर नव्हे. दोन्ही शब्द वेगवेगळ्या मुलखांत, वेगवेगळ्या लढायांतून तयार झाले, आणि इंग्रजी पुस्तके मराठीत येऊ लागल्यानंतर ते एकमेकांसमोर ठेवले गेले. पुष्कळ ठिकाणी ते एकमेकांच्या जागी चालतात, पण त्यांच्या पोटातला मूळ अर्थ एक नाही. तो फरक लक्षात आला की आपल्या उरलेल्या शंकाही सुटतील.

‘गेरिला’ हा शब्द स्पॅनिश आहे. त्या भाषेत युद्धाला ‘गेर्रा’ म्हणतात, आणि त्याला ‘इया’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘गेर्रिया’, म्हणजे लहानसे युद्ध, असा शब्द होतो. आपण जसे डब्यापासून डबी आणि सुऱ्यापासून सुरी करतो, तसाच हा प्रकार. स्पॅनिशमधले असे लघुरूप झालेले शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातही आहेत, फक्त त्यांचे लहानपण आपल्याला ऐकू येत नाही. ‘व्हॅनिला’ म्हणजे मुळात छोटी शेंग किंवा छोटे म्यान, आणि लहान आरमारी ताफ्याला इंग्रजीत जो ‘फ्लोटिला’ म्हणतात, तोही ‘फ्लोता’ या शब्दाचे धाकटे रूप आहे. स्वतः ‘गेर्रा’ हा शब्द मात्र लॅटिनमधून आलेला नाही. युद्धासाठी लॅटिनमध्ये असलेला शब्द मागे पडला आणि गोंधळ, झगडा अशा अर्थाचा एक जर्मानिक शब्द स्पॅनिश, फ्रेंच आणि इटालियन या भाषांनी उचलला. त्याच जर्मानिक मुळापासून इंग्रजीतला ‘वॉर’ हा शब्द आला. म्हणजे इंग्रजीत ‘गेरिला वॉर’ म्हणणारा माणूस नकळत एकाच मुळाचे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवत असतो.

‘गोरिला’ या लेखनाचे कारण उच्चारात आहे. इंग्रजीत हा शब्द आणि वानराचे नाव हे दोन्ही जवळजवळ सारखेच उच्चारले जातात, त्यामुळे कानाने ऐकून लिहिणाऱ्याची फसगत होते. वानराच्या नावाचा स्पॅनिशशी काहीही संबंध नाही. हान्नो नावाच्या कार्थेजच्या दर्यावर्दीने आफ्रिकेच्या किनाऱ्याने केलेल्या सफरीचा एक वृत्तांत ग्रीक भाषेत उरला आहे. त्यात अंगभर केस असलेल्या जमातीसाठी जो शब्द येतो, तो 1847 मध्ये थॉमस सॅव्हेज या अमेरिकन मिशनऱ्याने या वानराला दिला. मराठीत आपल्याला दोन वेगळी लेखने सहज करता येतात, तेव्हा लढाईसाठी ‘गेरिला’ आणि वानरासाठी ‘गोरिला’ हा भेद न चुकता पाळावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हिंदीत ‘गुरिल्ला’ रूढ आहे, पण तो उच्चार मराठीत आणण्याचे काही कारण दिसत नाही.

आता अर्थांकडे वळू. हा शब्द स्पॅनिशमध्ये आधीपासून होता आणि मुख्य सैन्याच्या पुढे किंवा बाजूला होणाऱ्या किरकोळ चकमकींसाठी वापरला जाई. फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्येही नेमक्या ‘लहान युद्ध’ याच अर्थाच्या संज्ञा अठराव्या शतकातल्या लष्करी लेखनात आढळतात. स्पॅनिश संज्ञाच जगभर पसरली याचे श्रेय 1808 ते 1814 या काळातल्या लढ्याला जाते. नेपोलियनने स्पेनच्या राजघराण्याला बाजूला सारून आपला भाऊ जोसेफ याला माद्रिदच्या गादीवर बसवले. 2 मे 1808 रोजी माद्रिदमध्ये लोक उठले, आणि तो उठाव चिरडला गेला तरी देशभर वणवा पेटला. स्पेनच्या नियमित फौजांनी मैदानात वारंवार मार खाल्ला. नोव्हेंबर 1809 मध्ये ओकान्याच्या लढाईत तर त्यांची दाणादाण उडाली. ज्यांना मैदानात उभे राहणे शक्य नव्हते त्यांनी मग डोंगर, खिंडी आणि रस्ते धरले. 28 डिसेंबर 1808 रोजीच तिथल्या मध्यवर्ती शासनमंडळाने अशा टोळ्यांना मान्यता देणारा नियम काढला होता.

या टोळ्यांनी फ्रेंचांचे काय केले हे समजून घेण्यासाठी मोठ्या लढाया शोधण्याची गरज नाही, एक टपालाचा स्वार डोळ्यांसमोर आणला तरी पुरे. त्याच्या पिशवीत एका सेनापतीने दुसऱ्याला लिहिलेले पत्र आहे आणि वाटेत खिंड आहे. त्या खिंडीत तो एकटा शिरला तर पत्र पोहोचत नाही आणि स्वारही परत येत नाही. म्हणून पत्रासोबत घोडेस्वारांची तुकडी द्यावी लागे, आणि जी माणसे लढाईसाठी आणली होती ती कागदाच्या राखणीत अडकून पडत. पकडलेली पत्रे इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या छावणीत पोहोचत. फ्रेंचांनी सांकेतिक लिपी वापरायला सुरुवात केली, तेव्हा जॉर्ज स्कोव्हेल नावाच्या त्याच्या एका अधिकाऱ्याने ती लिपीही उलगडली. प्रत्येक चकमक लहान होती, पण तशा शेकडो चकमकींनी मिळून एक बलाढ्य सैन्य जखडून ठेवले. स्पॅनिश लोकांनी या प्रकाराला ‘लहान युद्ध’ म्हटले ते किती नेमके होते, हे यावरून कळावे.

या टोळ्यांच्या नायकांपैकी हुआन मार्तिन दिएस याचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही, कारण त्याने स्पॅनिश भाषेला आणखी एक शब्द दिला. त्याच्या गावच्या लोकांना ओढ्यातल्या काळ्या चिखलावरून ‘एम्पेसिनादो’ असे टोपणनाव होते, आणि तो स्वतः त्याच नावाने ओळखला जाई. फ्रेंच सेनापतींनी पाठलाग करूनही तो हाती लागला नाही. पुढे फ्रेंच गेले, जुना राजा परतला, आणि त्या राजाच्या निरंकुश सत्तेला विरोध केल्याबद्दल 1825 मध्ये याच वीराला फाशी दिली गेली. आज स्पॅनिशमध्ये हट्टाने एखादी गोष्ट धरून बसण्याला ‘एम्पेसिनार्से’ असे क्रियापद आहे. ते या माणसाच्या टोपणनावावरून आलेले आहे.

इंग्रजीत ‘गेरिला’ शिरला तो याच युद्धात. वेलिंग्टनच्या 1809 मधल्या पत्रव्यवहारात तो आढळतो आणि इंग्रजीतल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत त्याची गणना होते. आपण जालन्याहून लिहिता, म्हणून इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. हा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने 23 सप्टेंबर 1803 रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या असईच्या रणात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी सामना केला. असईला मराठ्यांच्या बाजूने मुख्यतः कवायती पायदळाचे कंपू आणि तोफखाना उभा होता, म्हणजे ती गनिमी काव्याची लढाई नव्हती. परंतु ज्या लोकांकडे अशा युद्धासाठी स्वतःचा शब्द होता, त्यांच्याशी लढून गेलेल्या माणसाने सहा वर्षांनी स्पेनमधून तसाच एक शब्द इंग्रजीत लिहावा, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

अर्थ सरकला तो इंग्रजीत आल्यानंतर. स्पॅनिशमध्ये ‘गेर्रिया’ म्हणजे ते लहान युद्ध, आणि त्यावरून ते युद्ध करणारी टोळी. टोळीतल्या माणसासाठी ‘गेर्रियेरो’ हा वेगळा शब्द आहे आणि स्त्री असेल तर ‘गेर्रियेरा’. इंग्रज कानाला ‘इया’ या प्रत्ययातले लहानपण ऐकू येत नव्हते. शब्द बहुतेक वेळा अनेकवचनात येई, आणि ‘गेरिलांना कामाला लावावे’ अशा वाक्यात तो टोळ्यांसाठी आहे की माणसांसाठी, हे वाक्यावरून ठरत नाही. माझ्या मते याच फटीतून तो माणसावर येऊन बसला. एकदा माणूस ‘गेरिला’ झाल्यावर त्याच्या युद्धाला पुन्हा ‘गेरिला वॉर’ म्हणावे लागले. या प्रयोगाचा शब्दशः अर्थ ‘लहान युद्धाचे युद्ध’ असा होतो म्हणून काही लोक त्याला चूक ठरवतात. ते मला पटत नाही, कारण खुद्द स्पॅनिश भाषक ‘गेर्रा दे गेर्रियास’ असे सर्रास म्हणतात, आणि त्यात त्यांना टोळ्यांनी केलेले युद्ध असा सरळ अर्थ दिसतो.

हा केवळ शब्दांचा कीस नाही, कारण एका प्रसंगी या अर्थावर माणसांचे प्राण अवलंबून होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात गणवेश नसलेल्या टोळ्या पकडल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांना युद्धकैदी मानायचे की दरोडेखोर, हा प्रश्न उत्तरेकडच्या सेनापतींपुढे उभा राहिला. 1862 मध्ये फ्रान्सिस लीबर या प्राध्यापकाने त्यावर एक टिपण लिहून दिले, आणि त्यात ‘गेरिला’ हा शब्द लोक किती सैलपणे वापरतात हे दाखवून सैन्याचाच भाग असलेली स्वतंत्र तुकडी, उठाव करणारे नागरिक आणि निव्वळ लुटारू यांना वेगळे केले. पुढे 1949 च्या जिनिव्हा करारात नियमित सैन्याबाहेरच्या लढवय्यांना युद्धकैद्याचा दर्जा मिळण्यासाठी अटी घातल्या गेल्या. त्यांच्यावर जबाबदार नायक असावा, दुरून ओळखता येईल अशी खूण असावी, शस्त्र उघडपणे बाळगावे आणि युद्धाचे नियम पाळावेत. माणूस या चौकटीत बसतो की नाही हे पाहिले जाते, त्याला कोणी गेरिला म्हटले की नाही हे नव्हे.

आता ‘गनिमी कावा’. ‘गनीम’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याचा अर्थ शत्रू. लुटीचा माल या अर्थाचा ‘गनीमत’ हा शब्द त्याच्याच घरातला आहे. मोगलांच्या फारसी कागदपत्रांत मराठ्यांचा उल्लेख ‘गनीम’ असा येतो. म्हणजे शत्रूने आपल्याला ‘शत्रू’ म्हटले, आणि आपण त्याच शब्दावरून आपल्या युद्धपद्धतीचे नाव कायम केले. ‘कावा’ या शब्दात तर एक जिवंत चित्र आहे. घोड्याला गोलाकार रिंगणात फिरवण्याला कावा म्हणत. समोरून चाल करून येणारा स्वार ऐनवेळी घोडा वळवतो, वेढा घेतो आणि भलत्याच बाजूने अंगावर येतो, असे ते दृश्य आहे. डावपेच, हुलकावणी हा अर्थ त्यातून निघाला आणि ‘कावेबाज’ हा शब्दही तिथलाच. 2 फेब्रुवारी 1661 रोजी उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज दाट झाडीच्या अरुंद वाटेत पूर्ण शिरेपर्यंत शिवाजी महाराजांनी तिला येऊ दिले आणि मग दोन्ही तोंडे बंद करून तिला शरण आणले. याला कावा म्हणतात. 1761 च्या पानिपताविषयी लिहिताना आपल्याकडे ‘गनिमी कावा’ आणि ‘गोलाची लढाई’ (म्हणजे फौजेचा बांधीव गोल करून तोफांच्या आधाराने मैदानात लढणे) हे दोन शब्दप्रयोग एकमेकांविरुद्ध मांडले जातात, त्यावरूनही या संज्ञेचा रोख कशावर आहे ते समजते.

तेव्हा स्पॅनिश शब्द युद्धाचा आकार सांगतो आणि मराठी शब्द युद्धाची युक्ती सांगतो. छापे, हुलकावण्या, वाटा अडवणे असा संदर्भ असेल तिथे ‘गनिमी कावा’ किंवा ‘गनिमी युद्धतंत्र’ लिहावे. ते उत्तम मराठी आहे. लढणारा माणूस अभिप्रेत असेल तर ‘गनिमी’ हा शब्द त्याला लावू नये, कारण मग तो शत्रूकडचा माणूस होतो. तिथे ‘गेरिला सैनिक’ किंवा, संदर्भ जुळत असेल तर, ‘छापामार’ लिहावे. ‘बंडखोर’ आणि ‘दहशतवादी’ हे शब्द त्याचे पर्याय नाहीत. बंडखोर या शब्दाने माणसाचा हेतू ठरतो, दहशतवादी या शब्दाने त्याच्यावर निवाडा होतो, आणि गेरिला हा शब्द फक्त लढण्याची रीत सांगतो.

प्रश्न : मी जाहिरात क्षेत्रात भाषांतराचे काम करते. ‘गेरिला मार्केटिंग’साठी ‘गनिमी विपणन’ असा शब्द सुचवण्यात आला, पण तो मनाला पटेना. आपले मत काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या मनाने बरोबर कौल दिला आहे. 1970 च्या आसपासपासून इंग्रजीत हा शब्द विशेषणासारखा कोणत्याही कामाला लागू लागला. अशा प्रयोगांत त्याचा अर्थ ‘परवानगीची वाट न पाहता, थोडक्या साधनांनी, अनपेक्षित जागी केलेले’ असा असतो. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी राडारोडा पडलेली एक मोकळी जागा साफ करून तिथे बाग उभी केली आणि आपल्या गटाला हिरवे गेरिला असे नाव घेतले. कुंपणापलीकडे पोहोचता येत नसेल तिथे ते माती, खत आणि बी यांचे गोळे फेकत. 1984 मध्ये जे कॉनराड लेव्हिन्सन या अमेरिकन जाहिराततज्ज्ञाने छोट्या उद्योजकांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून ‘गेरिला मार्केटिंग’ हा शब्दप्रयोग रुळला. मोठ्या कंपनीसारखा पैसा नसलेल्या दुकानदाराने कल्पकतेच्या बळावर गिऱ्हाईक कसे मिळवावे, हा त्याचा विषय होता. लहानाने मोठ्याशी झुंजायचे, हा मूळ स्पॅनिश शब्दाचा गाभा इथे अजून शिल्लक आहे.

पुढे मोठ्या कंपन्यांनीच ही रीत उचलली आणि तो गाभाही निसटला. 31 जानेवारी 2007 रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात एका व्यंगचित्र मालिकेच्या जाहिरातीसाठी पुलांवर आणि खांबांवर लावलेले दिव्यांचे छोटे फलक लोकांना बॉम्ब वाटले, आणि पोलिसांनी रस्ते, पूल आणि नदीवरची वाहतूक काही काळ थांबवली. जाहिरातीच्या भाषेत उसना घेतलेला युद्धाचा शब्द त्या दिवशी पुन्हा युद्धासारखा वाचला गेला.

याच प्रवाहातला एक गट मात्र मला मनापासून आवडतो, आणि मघाच्या ‘गोरिला’शी त्याचा थेट संबंध आहे. 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या काही स्त्री कलावंतांनी ‘गेरिला गर्ल्स’ या नावाने एकत्र येऊन कलासंग्रहालयांतल्या स्त्रियांच्या उपेक्षेविरुद्ध भित्तिपत्रके लावायला सुरुवात केली. त्या आपली नावे उघड करत नाहीत आणि चेहऱ्यावर गोरिला वानराचा मुखवटा घालतात. गटातल्या एकीने लिहिताना ‘गेरिला’च्या जागी ‘गोरिला’ लिहिले आणि त्या चुकीतूनच मुखवट्याची कल्पना निघाली, असे त्या सांगतात. 1989 मधल्या त्यांच्या प्रसिद्ध भित्तिपत्रकात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचा हिशेब मांडलेला होता. आधुनिक कलेच्या दालनांतल्या कलावंतांत स्त्रिया 5 टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांतल्या आकृतींत मात्र स्त्रिया 85 टक्के.

आपल्या भाषांतराविषयी सांगायचे तर ‘गनिमी विपणन’ वाचून मराठी माणसाला प्रतिस्पर्ध्याने केलेला डाव असे काहीसे वाटेल, आणि गिऱ्हाइकालाच फसवण्याचा वासही त्याला येईल. ‘गेरिला मार्केटिंग’ हाच शब्द ठेवून पहिल्यांदा येईल तिथे ‘अल्प खर्चाची, अनपेक्षित ठिकाणची जाहिरात’ असा खुलासा करावा. बागकामासाठी मी ‘बिनपरवाना बागकाम’ लिहीन. चित्रीकरणासाठी ‘परवानगीविना चित्रीकरण’ पुरेसे आहे.

प्रश्न : माझी मुलगी इथल्या शाळेत स्पॅनिश शिकते. तिने एका लढवय्यासाठी ‘गेर्रिया’ हा शब्द लिहिला तर शिक्षिकेने तो चूक ठरवला. शब्द स्पॅनिशच आहे, मग चूक कशी?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : शिक्षिकेचे म्हणणे बरोबर आहे. वर सांगितल्याप्रमाणे पुरुष लढवय्याला ‘गेर्रियेरो’ म्हणायला हवे. ‘ला गेर्रिया’ हा स्त्रीलिंगी शब्द आहे आणि कोलंबियासारख्या देशात तो समूहासाठी, म्हणजे अख्ख्या सशस्त्र संघटनेसाठी वापरतात. इंग्रजीने अर्थ बदलून घेतलेला शब्द इंग्रजी अर्थानेच मूळ भाषेत परत नेला की अशी अडचण येते. ‘सोम्ब्रेरो’ म्हटले की इंग्रजीत मेक्सिकोची रुंद काठाची टोपी डोळ्यांसमोर येते, पण स्पॅनिशमध्ये ती कोणतीही काठाची टोपी असू शकते. ‘साल्सा’ म्हणजे टोमॅटो आणि मिरचीची ती विशिष्ट चटणीच असे नव्हे, कोणताही सॉस साल्साच. मुलीला ‘गेर्रा’, ‘गेर्रिया’, ‘गेर्रियेरो’ हे तीन शब्द एकाखाली एक लिहून द्यावेत आणि तीनही ठिकाणी ‘र’ जिभेच्या टोकाने चांगला थरथरवून म्हणायला सांगावे. ‘ग’नंतरचा ‘उ’ लिहायचा असतो, पण उच्चारायचा नसतो.